ऑपरेशनच्या आधीची वर्षं

लाखो भारतीय बायकांच्या आयुष्यात गर्भनिरोधन एकदाच येतं, आणि ते ऑपरेशनच्या रूपानं येतं. अठरा-वीसच्या वयात लग्न, वर्षा-दीड वर्षात पहिलं बाळंतपण, त्याच्या पाठोपाठ दुसरं, आणि पंचविशीच्या आसपास कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. त्याआधी तिनं काही वापरलेलं नसतं आणि त्यानंतर काही वापरायची गरज उरत नाही. सरकारी नोंदीत ती ‘आधुनिक साधन वापरणारी स्त्री’ म्हणून मोजली जाते, आणि ती नोंद खोटी नसते. पण लग्नापासून ऑपरेशनपर्यंतची जी पाच-सात वर्षं गेली, ज्या वर्षांत अंग पुरतं भरलेलं नसताना तिनं दोन-तीन बाळंतपणं काढली, त्या वर्षांत तिच्या हाती काय होतं? तिला काय विचारलं गेलं, काय सांगितलं गेलं? नोंद त्याबद्दल गप्प असते. हे पुस्तक त्याच वर्षांबद्दल आहे.

आधी देशाचं चित्र पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातला एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, २.० वर आला आहे. १९९२-९३च्या पहिल्या फेरीत तो ३.४ होता. १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी ५६.५ टक्के आधुनिक साधनं वापरतात. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४७.८ टक्के होतं. एका पिढीत एवढा बदल होणं ही साधी गोष्ट नाही, आणि त्यामागे गावोगावच्या परिचारिकांचे, आशाताईंचे आणि खुद्द त्या बायकांचे कष्ट आहेत. पण याच ५६.५ टक्क्यांची फोड करून पाहिली की वेगळंच काही दिसू लागतं. त्यांतले ३७.९ टक्के म्हणजे स्त्री-नसबंदी. निरोध ९.५, गोळ्या ५.१, तांबी २.१, इंजेक्शन ०.६ आणि पुरुष-नसबंदी ०.३. म्हणजे आधुनिक साधनांच्या एकूण वापरातला दोन-तृतीयांश भार एकट्या स्त्रीच्या ऑपरेशनवर आहे. आंध्र प्रदेशात तर जवळपास सगळा वापर म्हणजे ऑपरेशनच. महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे, देशाच्या सरासरीहून बराच कमी. पण इथंही चित्राचा आकार तोच आहे.

पाळणा थांबवण्याची सोय आपण केली. पाळणा लांबवण्याची, म्हणजे पहिलं मूल केव्हा आणि दुसरं किती वर्षांनी हे ठरवण्याची सोय मात्र आपण तरुण बायकांपर्यंत नीट पोचवलीच नाही. असं का झालं, याचं एक उत्तर फार लवकर दिलं जातं: बायका शिकलेल्या नाहीत, त्यांना माहिती नाही. हे उत्तर चूक आहे. एखादं तरी आधुनिक साधन माहीत आहे असं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण या देशात ९९ टक्क्यांच्या वर आहे. उणीव माहितीपेक्षा संवादाची आहे. याच सर्वेक्षणात, कोणतंही साधन न वापरणाऱ्या स्त्रियांपैकी फक्त २३.९ टक्के जणींनी सांगितलं की आरोग्य कर्मचाऱ्यानं आपल्याशी या विषयावर कधी तरी बोलणं केलं आहे. जे साधन आपण वापरतो त्याचे दुष्परिणाम आपल्याला सांगितले गेले, असं म्हणणाऱ्या जणी ६२.४ टक्के. म्हणजे उरलेल्या जणींनी शरीरात काही बसवून घेतलं, टोचून घेतलं, गोळी गिळली किंवा कापून घेतलं, आणि पुढे काय होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

या विषयाला महाराष्ट्रात शंभर वर्षांचा इतिहास आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी त्यांच्यावर खटले झाले, तरी १९२७ ते १९५३ असं मरेपर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. पुढं १९३८च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचारासाठी सरकारनं पावलं उचलावीत असा ठराव आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीनं मांडला गेला. तो फेटाळला गेला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. त्याच काळात, १९३५च्या डिसेंबरात, संततिनियमनाच्या अमेरिकन प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या होत्या. संयम हाच मार्ग, असं गांधीजींचं म्हणणं होतं आणि कृत्रिम साधनांना त्यांनी ठाम नकार दिला. या सगळ्या वादात कर्व्यांची भूमिका आजही मला सर्वांत पुढची वाटते. देशाची लोकसंख्या हा त्यांच्यासाठी दुय्यम मुद्दा होता. स्त्रीचं आरोग्य आणि तिचं सुख हे त्यांचं आरंभस्थान होतं.

१९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या परिषदेतून नियोजित पालकत्वाचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. पण कार्यक्रम सरकारी झाला आणि स्त्रीची जागा हळूहळू आकड्यांनी घेतली. साठच्या दशकात लूप, म्हणजे गर्भाशयात बसवायचं साधन, आला. तो बसवून घेण्यासाठी मोहिमा निघाल्या, पण बसवल्यावर जो रक्तस्राव होई, दुखणं लागे, त्याची विचारपूस करायला मागे कुणी थांबलं नाही. ‘लूप नको’ ही भावना तेव्हा जी पसरली, तिची सावली आजच्या तांबीवरही आहे. मग भर पुरुष-नसबंदीवर आला. १९७१मध्ये केरळातल्या एर्नाकुलमच्या एका शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुष तयारच होत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आणीबाणीनं या सगळ्याची दिशा पालटली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांवर. शिक्षकांना, तलाठ्यांना ‘केसेस’ आणायचे कोटे लावले गेले. महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच संमत केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अंमलात आलं नाही. पुढच्या निवडणुकीत सरकार गेलं, आणि पुरुषांच्या नसबंदीवर पुन्हा तसा भर द्यायची हिंमत नंतरच्या कोणत्याही सरकारला झाली नाही. उद्दिष्टं मात्र तशीच राहिली. ती फक्त पुरुषाकडून बाईकडे सरकली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं शिबिरं भरवणं सोपं झालं आणि ऑपरेशन म्हणजे बाईचंच, हे दोन पिढ्यांत इतकं पक्कं झालं की आज त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

कैरो इथल्या १९९४च्या लोकसंख्याविषयक जागतिक परिषदेनंतर, १९९६मध्ये भारत सरकारनं वरून येणारी उद्दिष्टं अधिकृतपणे रद्द केली. तरीही २०१४च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात अवघ्या काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली, आणि तिथल्या शिबिरांनंतर डझनाहून अधिक तरुण बायका दगावल्या. सप्टेंबर २०१६मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. हा इतिहास सांगायचं कारण असं, की साधन वापरणं-न वापरणं हे घरात ठरतं तसंच ते दवाखान्यावरच्या विश्वासावर ठरतं. आजीला लूपचा त्रास झाला, आईला शिबिरात जमिनीवर झोपवलं, हे ऐकत वाढलेली मुलगी तांबीला नाही म्हणते तेव्हा तिच्या नकाराला अनुभवाचा आधार असतो.

आता घराकडे येऊ. गावातल्या अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असतो. बायका लेकरं घेऊन बसलेल्या असतात, सोबत बहुतेकींच्या सासवा. आशाताईच्या पिशवीत निरोधची पाकिटं, माला-एनच्या गोळ्या, आठवड्याला एक घ्यायची ‘छाया’, तातडीची गोळी आणि गर्भतपासणीचं निश्चय किट एवढं सगळं असतं. अशाच एका दिवशी वीस-एकवीसची एक मुलगी नऊ महिन्यांची लेक मांडीवर घेऊन बसली होती. आशाताईनं तिला सहज विचारलं, “दुसऱ्याला जरा दम खाणार ना गं? तांबी बसवून घे की.” उत्तर सासूकडून आलं, “एवढ्यात कशाला? आधी एक पोरगा होऊ दे.” मुलगी खाली बघून म्हणाली, “ह्यांना विचारून सांगते.” दोन दिवसांनी पिठाच्या गिरणीवर तीच मुलगी आशाताईला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारत होती, “ताई, त्या आठवड्याच्या गोळ्या हायत का? आणि घरात सापडल्या तर काय सांगू?”

या विषयावरच्या संशोधनात जी जी कारणं दिली जातात, त्यांतली निम्मी तरी या छोट्या प्रसंगात हजर आहेत. तिला माहिती आहे. तिला साधन हवं आहे. साधन गावात, फुकट, चार पावलांवर आहे. तरी तिच्यासमोरचा प्रश्न गोळी ठेवायची कुठं हा आहे. अशा बायकांच्या गरजेला सर्वेक्षणं ‘अपूर्ण गरज’ म्हणतात: मूल इतक्यात नको किंवा आता मुळीच नको, पण साधन काही नाही. भारतात विवाहित स्त्रियांमध्ये हे प्रमाण ९.४ टक्के आहे. आकडा लहान दिसतो, पण त्यात प्रत्यक्षात कोट्यवधी बायका आहेत, आणि तरुण, नुकत्याच लग्न झालेल्या मुलींमध्ये ही गरज सर्वांत जास्त आहे.

नव्या सुनेचं घरातलं स्थान पहिल्या मुलाशी बांधलेलं असतं. लग्नाला वर्ष झालं आणि ‘काही नाही’ म्हटल्यावर बायका विचारू लागतात, देवाला नवस बोलायला लावतात, डॉक्टरकडे नेतात. अशा घरात लग्नानंतर दोन वर्षं थांबायचं म्हणजे आपणच आपल्यावर संशय ओढवून घ्यायचा. म्हणून पहिल्या बाळाच्या आधी साधन वापरणं अनेक घरांत कुणी बोलूनही दाखवत नाही. ‘आधीच गोळ्या घेतल्या तर पुढं मूल होत नाही’ ही समजूत याच भीतीतून आलेली आहे. ती वैद्यकीयदृष्ट्या खरी नाही; गोळ्या थांबवल्या की गर्भधारणेची शक्यता परत येते. पण ज्या मुलीचं सासरचं पाऊल मुलावाचून स्थिर होणार नाही, तिला ही शक्यता एक टक्काही घालवायची नसते. त्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं. त्या वयात नवऱ्याशी या विषयावर तोंड उघडायची प्राज्ञा किती मुलींची असणार?

मुलगा हवा ही इच्छा दुसरं मोठं कारण. दोन मुलगे असलेलं जोडपं ऑपरेशनकडे लवकर वळतं आणि दोन मुली असलेलं जोडपं मुलाची वाट पाहत राहतं, हे भारतातल्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. त्यामुळे साधनाचा निर्णय किती मुलं यावर होत नाही, कोणती मुलं यावर होतो. मुलगी झाल्यावर अंतर ठेवायला सासर राजी नसतं, मुलगा झाल्यावर अंतर ठेवायची गरजच कुणाला वाटत नाही, कारण मग थेट ऑपरेशनच. मधल्या साधनांसाठी या हिशेबात जागा उरत नाही.

आपल्याकडची एक रीत मात्र फारशी कुणी विचारात घेत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. आता बाळंतपण दवाखान्यात होतं आणि प्रसूतीनंतर लगेच, दोन दिवसांच्या आत तांबी बसवण्याची सोय सरकारी रुग्णालयांत आहे. वैद्यकीयदृष्ट्या ही उत्तम वेळ आहे. पण त्या वेळी नवरा आणि सासू दुसऱ्या गावात असतात, आणि सोबत असलेली आई म्हणते, “त्यांच्या माणसांना विचारल्याबिगर मी कशी हो म्हणू?” ती वेळ निघून जाते. दोन-तीन महिन्यांनी मुलगी सासरी परतते तेव्हा बाळ अंगावर पीत असतं, आणि ‘अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत’ या भरवशावर पुढचे महिने जातात. ही समजूत अर्धी खरी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, त्याला फक्त आईचंच दूध चालू असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, तर हे संरक्षण भरवशाचं असतं. तिन्हींपैकी एक अट सुटली की भरवसा संपतो. ही तीन वाक्यं माहेरी निघण्याआधी, सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच, नवरा आणि सासू समोर असताना सांगितली, तर पुष्कळ दुसरी बाळंतपणं लांबतील. खर्च शून्य आहे.

शरीराचा अनुभव हा तिसरा मोठा भाग, आणि यावर या पुस्तकाची बरीच पानं खर्च झाली आहेत, कारण आरोग्य यंत्रणा इथंच सर्वांत जास्त चुकते. बायका दुष्परिणामांमुळे साधन सोडतात, आणि यंत्रणा त्यांना ‘गैरसमज’ म्हणून मोकळी होते. तांबी पोटातून छातीत चढते, हा गैरसमज आहे. ती गर्भाशयाच्या बाहेर अशी फिरत नाही. पण तांबीनं सुरुवातीच्या महिन्यांत पाळीला जास्त जातं, ही वस्तुस्थिती आहे. ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तिथं ‘थोडं जास्त जातं, होईल ठीक’ हे उत्तर पुरेसं नाही. तिचं हिमोग्लोबिन पाहायला हवं, लोहाच्या गोळ्या द्यायला हव्यात, महिन्यानं परत बोलवायला हवं, आणि तरीही नको म्हणाली तर कपाळाला आठी न घालता तांबी काढून द्यायला हवी. तांबी काढायला गेलं की सिस्टर ओरडतात, हे ज्या गावात ठाऊक असतं तिथं ती बसवायलाही बायका जात नाहीत.

तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात २०१७पासून आलं. घरात लपवायला काही नाही, कुणाला कळत नाही, म्हणून काही बायकांना ते सोयीचं वाटतं. पण त्यानं पाळी अनियमित होते, मधेच डाग पडतात, पुढं पाळी थांबूही शकते. जिथं पाळीच्या चार दिवसांत स्वयंपाकघरात, देवघरात जायचं नाही असा नियम आहे, तिथं डाग पडत राहिले तर ती बाई पंधरा-पंधरा दिवस बाहेर बसते. आणि पाळी थांबली तर सासू महिना मोजते आणि विचारते, दिवस गेले काय? म्हणजे जे साधन लपतं म्हणून निवडलं, त्याचा परिणाम साऱ्या घराला दिसतो. ‘छाया’ची गोष्ट निराळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेलं हे औषध, हार्मोन नसलेलं. पहिले तीन महिने आठवड्याला दोन गोळ्या आणि मग आठवड्याला एक. पण त्यानंही काहींची पाळी पुढं जाते, आणि हे आधी सांगितलं नसेल तर पाळी चुकल्या दिवशी बाई घाबरून जाते. काय होईल हे आधी सांगणं, झालं की ऐकून घेणं आणि साधन बदलून देणं, या तीन गोष्टी झाल्या तर साधन टिकतं.

चौथी गोष्ट रोजच्या जगण्याची. बीड आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळा लागताना परततात. इंजेक्शनची पुढची तारीख येते तेव्हा ती बाई पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याशा फडावर असते. तिथली आशा तिला ओळखत नाही, तिचं कार्ड गावाकडच्या उपकेंद्रात असतं. गोळ्यांचं पुढचं पाकीट तीन तालुक्यांपलीकडे राहिलेलं असतं. वीटभट्टीवर, बांधकामावर जाणाऱ्यांचंही तेच. अशा आयुष्यात ‘एकदाच काय ते उरकून टाकू’ हा विचार येणं अगदी स्वाभाविक आहे. ऑपरेशन ही त्यांची निवड असते हे खरं, पण ती इतर सर्व वाटा बंद झाल्यावरची निवड असते. ज्यांना दोन दिवसांची रजा मिळत नाही, एसटीचं भाडं हातात नसतं, दवाखान्यात जायला सोबत लागते, त्यांच्यासाठी अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही.

पाचवी गोष्ट पुरुष. सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांनी मान्य केलं की गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे, पुरुषांनी त्याची चिंता करायची गरज नाही. पण याची दुसरी बाजूही खरी आहे: पुरुषाशी या विषयावर कुणी बोलतच नाही. आशा बाईशी बोलते, सिस्टर बाईशी बोलते, पत्रकं बाईसाठी छापली जातात. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची, थोड्या वेळात होणारी, पोट न उघडणारी आहे, आणि स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा तिच्यात धोका कमी आहे. त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं, एवढंच. तरी ‘अंगातली ताकद जाते, जड काम होत नाही’ म्हणून घरची माणसं, आणि बऱ्याचदा बायकोच, या नसबंदीला नको म्हणतात. कमावता माणूस आडवा पडला तर घर कसं चालायचं, ही तिची काळजी खरी असते. पण दुसऱ्या दिवसापासून पाणी भरणारी, भाकऱ्या थापणारी, खुरपायला जाणारी तीही कमावतीच आहे, हे त्या हिशेबात कुणी धरत नाही.

कायदा काय म्हणतो हेही माहीत असायला हवं. नसबंदीसाठी जोडीदाराची संमती लागत नाही, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी कित्येक ठिकाणी ‘मिस्टरांची सही आणा’ असं सांगून बाईला परत पाठवलं जातं. १९७१च्या गर्भपात कायद्यात साधन निकामी ठरल्याची सवलत फक्त विवाहित जोडप्याला होती. २०२१च्या दुरुस्तीनं ती ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ अशी व्यापक झाली. गर्भपाताचा उल्लेख इथं अपरिहार्य आहे. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक आरोग्य केंद्राबाहेर, दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी झालेले. साधन वेळेत मिळालं नाही की पुढचं ओझं असं शरीरावर येतं. शिवाय अविवाहित मुली, विधवा, टाकलेल्या बायका यांना तर केंद्रावर जाऊन निरोध मागायचीही सोय नाही. ज्या सर्वेक्षणांवर आपण धोरणं बेततो, त्यांतले बहुतेक आकडे फक्त विवाहित स्त्रियांचे असतात, हे वाचकानं पानोपानी लक्षात ठेवावं.

हे सगळं गरीब देशात असंच चालायचं, असं मात्र नाही. बांगलादेश आपल्याहून गरीब होता, तिथं बायकांच्या बाहेर पडण्यावर बंधनं अधिक होती. १९७५च्या सुमारास तिथं जेमतेम ८ टक्के विवाहित जोडपी कोणतंही साधन वापरत होती. २०२२पर्यंत हे प्रमाण ६४ टक्क्यांवर गेलं. १९७७मध्ये मतलब या भागात एक प्रयोग सुरू झाला. बायका बाहेर पडत नाहीत तर त्याच गावांतल्या शिकलेल्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर जातील, एकच साधन न लादता गोळ्या, इंजेक्शन, निरोध, तांबी यांतलं काय हवं ते देतील, आणि मुख्य म्हणजे त्रास झाला तर पुन्हा येऊन विचारपूस करतील. शेजारच्या भागापेक्षा तिथं साधनांचा वापर झपाट्यानं वाढला, आणि पुढं देशभर हीच पद्धत नेली गेली. आजही तिथं सर्वाधिक वापर गोळ्यांचा आहे, म्हणजे पाळणा लांबवणाऱ्या साधनाचा. तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. मुलींची लग्नं तिथंही फार लवकर होतात. पण दारापर्यंत येणारी, ओळखीची, परत येणारी बाई हा या विषयातला सर्वांत मोठा घटक आहे, हे तिथं सिद्ध झालं. आपल्याकडे आशा आहे. तिच्यावर नोंदींचं, मोबदल्याच्या कागदांचं आणि डझनभर योजनांचं ओझं लादून आपण तिचा हा खरा उपयोग हरवून बसलो आहोत.

पुस्तकाची रचना याच क्रमानं केली आहे: आधी घर, मग शरीर, मग दवाखाना, मग धोरण. प्रत्येक साधन कसं काम करतं, कुणी वापरू नये, काय त्रास होऊ शकतो आणि तो झाला तर काय करायचं, हे साध्या शब्दांत दिलं आहे. हे वाचन आशाताईंसाठी आहे, परिचारिका आणि डॉक्टरांसाठी आहे, धोरण आखणाऱ्यांसाठी आहे. पण नवऱ्यांनी आणि सासवांनी ते वाचावं अशी माझी विशेष इच्छा आहे. सासूला दोष देऊन विषय संपत नाही. तीही एकेकाळी याच घरातली सून होती आणि तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. कुटुंबनियोजनाचं यश आपण आजवर ऑपरेशनांच्या संख्येवर आणि जननदरावर मोजलं. जननदर खाली आला, ते काम झालं. आता माप बदलायला हवं. एकवीस वर्षांच्या मुलीला तिच्या सोयीचं साधन मिळालं का? त्याचा त्रास तिला आधी सांगितला गेला का? तिनं बदलून मागितलं तेव्हा ते बदलून मिळालं का? तिला नको वाटलं तेव्हा ते कुणी रागावल्याशिवाय काढलं गेलं का? आणि तिच्या नवऱ्याशी कुणी बोललं का? दर जिल्ह्यानं दर वर्षी या पाच प्रश्नांची उत्तरं द्यावीत. ती देता येऊ लागली, की पंचविशीत ऑपरेशन करून घेणारी स्त्री ते खऱ्या अर्थानं स्वतः निवडून करून घेत असेल, आणि त्याआधीची वर्षंही तिची स्वतःची असतील. त्या वर्षांवरचा तिचा हक्क हा आरोग्याचा हक्क आहे. तो देणं ही कुणाची मेहरबानी नव्हे.